चाळिसाव्या दिवसाची वाटी

कुसुमताईंनी वाटी पुढं केली तेव्हा नीलानं ती सवयीनं दोन्ही हातांत घेतली, आणि तळव्यांना ऊब लागल्यावर मग आपण काय घेतलं हे तिच्या लक्षात आलं. शिरा होता. केळं घातलेला, तूप सुटलेला, वर तुळशीचं पान. "आत्ताच कथा झाली," कुसुमताई म्हणाल्या. "तुमची वाट पाहून राहिलो होतो आम्ही. काहून नाही आल्या? बरं, गरम हाये तोवर खाऊन घ्या. वाटी मी मंग येऊन नेतो." एवढं बोलून त्या फाटकाबाहेर पडल्यासुद्धा. त्यांच्या घरी अजून पाहुण्यांची पंगत बसायची होती. नीला दारात उभी राहिली. नंदनवन वस्तीतल्या त्या नव्या घरांच्या रांगेत सकाळचे अकरा वाजले होते, पलीकडं कुणाचा तरी रेडिओ चालू होता, आणि भाजलेल्या रव्याचा वास तिच्या पदराला, केसांना, घशाला चिकटत चालला होता. चोवीस वर्षं तिनं घरात रवा भाजला नव्हता. उपमासुद्धा केला नव्हता. लोकांना तिनं सांगून ठेवलं होतं की रव्यानं पित्त होतं, आणि लोकांनी ते मानलं होतं. सत्यनारायणाचं बोलावणं आलं की ती तीर्थप्रसादाच्या आधी उठून यायची किंवा जायचीच नाही. पण प्रसाद असा चालत दारात येईल आणि तोही याच आठवड्यात येईल, हे तिच्या हिशेबात नव्हतं.

तिनं वाटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि वर ताटली झाकली. वास थांबला नाही. मुलाचं, वसंताचं, पत्र येऊन सात आठवडे झाले होते. तो तेलाच्या जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. जेवणाच्या टेबलावर चमचा आपटून आपटून गिरिधरनंच त्याला तारेचं कट्टकडकट्ट शिकवलं होतं, बापाची विद्या म्हणून, आणि त्या विद्येनं पोरगा आखाती समुद्रात नेऊन सोडला होता, जिथं दोन देश एकमेकांची जहाजं जाळत होते. मुंबईच्या कंपनीत गिरिधरनं दोनदा ट्रंक कॉल लावला. जहाज सुखरूप आहे, असं तिथला कारकून म्हणाला. गिरिधरला ते पुरलं. तीस वर्षं तार ऑफिसात काढलेल्या माणसाचा निरोप न येण्यावर विश्वास असतो. वाईट बातमीला पाय फुटतात, ती थांबत नाही, असं तो म्हणायचा. नीलाला एक बाई ठाऊक होती, जिला वाईट बातमी तारेनं, पत्रानं, माणसाच्या तोंडून, कशानंच आली नव्हती. ती वाटीतून आली होती, आणि वाटी नीलाच्या हातात होती.

चोवीस वर्षांपूर्वी सदर भागात चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं बिऱ्हाड होतं. बैठ्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या. पुढच्या भागात घरमालकीण राहायची. तिचं नाव हायगानुश. ते कुणालाच नीट म्हणता यायचं नाही, म्हणून गल्ली तिला अर्मनी, म्हणजे आर्मेनियन, बाई म्हणायची. उंच, हाडापेरानं रुंद, नवरा गेल्यापासून काळ्याशिवाय दुसरा रंग अंगाला न लावलेली. नवरा रेल्वेत होता, कलकत्त्याहून बदलून आला आणि इथंच पुरला गेला. मुलगा लेवोन ऑस्ट्रेलियात फिटर होता. दारावर एक निळा मणी टांगलेला असायचा, मध्ये पांढरा डोळा असलेला, आणि जेवणाच्या टेबलावर वाळून लाकडासारखं झालेलं एक डाळिंब. ते तिनं कधी कापलं नाही, कधी टाकलं नाही. दाणे आहेत तोवर घर आहे, असं काहीतरी ती त्याबद्दल म्हणायची. ती हिंदी बोलायची ती कलकत्त्याची, लिंगवचनाची वाट लावणारी. देवाशी अर्मनीत बोलायची. पण कपडे मोजताना, मांजरीला हाकलताना आणि स्वतःशी रडताना तिच्या तोंडून तुर्की यायची. तिच्या गावात अर्मनी लोकांच्या घरीसुद्धा तुर्कीच बोलत, आईनं अंगाई त्याच भाषेत म्हटली, आणि दहा वर्षांची असताना ज्यांनी त्या सगळ्यांना घराबाहेर काढून वाळवंटाच्या रस्त्याला लावलं त्यांचीही भाषा तीच. रडायला दुसरी भाषा नाही मला, असं तिनं एकदा नीलाला सांगितलं होतं, पानकोबीची पानं उकडून त्यात भात गुंडाळता गुंडाळता, अगदी सहज, मीठ कमी आहे का विचारावं तसं. शालिकराम दूधवाल्यानं एकदा तिला तुर्की मेम म्हटलं तर आठ दिवस तिनं त्याचं दूध बंद ठेवलं. त्यानं गिरिधरला विचारलं होतं, मेम काहून रागावली जी, मी तर इज्जतीनं बोललो.

नीला तेव्हा एकवीस वर्षांची होती. दोनदा दिवस राहून गेले होते, आणि त्या रिकाम्या दुपारी ती पुढच्या भागात जाऊन बसायची. बाई पितळी नळकांड्यात कॉफीच्या बिया दळायची, लांब दांड्याच्या तांब्याच्या इवल्या भांड्यात उकळायची आणि लहान कपात गाळ न गाळताच ओतायची. प्यायची, मग कप बशीवर उपडा घालायचा, गार झाला की उचलून गाळाच्या ओघळांत पाहायचं. आपल्या कपात आपण पाहायचं नसतं, दुसऱ्यानं पाहायचं. बाई नीलाच्या कपात डोंगर पाहायची, मासा पाहायची, आणि एका दुपारी तिनं पाळणा पाहिला व नीलाच्या पोटावर हात ठेवला. त्या वेळी चौथा महिना लागत होता आणि नीलानं तो कुणाला सांगितलेला नव्हता. मग बाईनं आपला कप पुढं केला, बघ, काय दिसतं. नीलाला काळे ओघळ दिसले. पण लेवोनचं पत्र येऊन सहा महिने झाले होते हे तिला ठाऊक होतं, पक्षी म्हणजे बातमी हेही तिला बाईनंच शिकवलं होतं, म्हणून ती म्हणाली, पक्षी. मोठा. पंख पसरलेला. बाईनं विचारलं, कपाच्या कुठल्या बाजूला? कानाजवळ, नीला म्हणाली. कानाजवळ म्हणजे घरातच, बाई म्हणाली, आणि तिच्या मोठ्या चेहऱ्यावर असं काही आलं की नीलाला आपण खोटं बोललो याचं बरंच वाटलं.

आणखी एक गोष्ट होती, आणि तीच नीलाला इतक्या वर्षांत सर्वांत जास्त छळत आली. बाईनं तिला आधीच एकदा सांगितलेलं होतं. त्याच वर्षीच्या चैत्रात एका संध्याकाळी पुढच्या भागातून रवा भाजल्याचा वास आला. दोन घरांच्या मधल्या दारातून डोकावून नीलानं हसत विचारलं होतं, आज तुमच्याकडं कुठला सण? बाई कढईपुढं उभी होती, संथपणे कालथा फिरवत. तिनं वळून पाहिलं आणि फक्त आपल्या आईचं नाव घेतलं. नीलाला वाटलं, वाढदिवस असेल. तिनं एक वाटी हलवा घेतला, चवीनं खाल्ला, बदाम घातलात का म्हणून विचारलं. मेलेल्या बाईचा हलवा तिनं बदामाची चौकशी करत खाल्ला होता. त्या वेळी तिनं एक क्षण जरी बाईच्या तोंडाकडं नीट पाहिलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं.

कार्तिकी पौर्णिमेला त्यांनी सत्यनारायण केला. या वेळी महिने सुखरूप पुढं सरकत होते म्हणून. चीनशी लढाई चालू होती, कामठीच्या छावणीतल्या घरांना रोज तारा जात होत्या आणि गिरिधर रात्रपाळी करून लाल डोळ्यांनी घरी यायचा. गल्लीतल्या बायका त्याला येताना पाहून आत व्हायच्या. ह्याच्या खिशात कुणाचं काय असेल, असं त्यांच्या मनात यायचं. पूजा झाली, आरती झाली, आणि गिरिधरच म्हणाला, पहिली वाटी पुढं दे, बाई एकटीच आहे. लग्नात आलेल्या नाव कोरलेल्या वाटीत नीलानं शिरा भरला, गरम, आणि सोवळं न सोडता घेऊन गेली. बाई दार उघडून उभीच होती. वास आधीच पोचला होता. तिनं वाटीकडं पाहिलं, मग नीलाच्या कपाळावरच्या हळदीकुंकवाकडं, मग पुन्हा वाटीकडं. गिरिधर बाबू ने भेजा? तिनं विचारलं. नीला म्हणाली, हो, त्यांनीच सांगितलं, आधी तुम्हाला द्यायला. बाईनं दोन्ही हातांनी वाटी घेतली. उभ्याउभ्याच चिमूटभर तोंडात घातला. मग वाकून नीलाच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि दार लावून घेतलं. नीला पळत मागे आली आणि गिरिधरला म्हणाली, बाईला किती आनंद झाला बघा, माझा मुकाच घेतला तिनं.

त्यानंतरचे दिवस नीलानं पुढं कितीदा तरी एकेक करून उलगडले, एखाद्या मेलेल्या माणसाच्या कपड्यांच्या घड्या उलगडाव्यात तसे. दारावरचा निळा मणी निघाला होता. तिला वाटलं दोरा तुटला असेल. आरशावर चादर होती. तिला वाटलं धूळ बसू नये म्हणून. लेवोनची ट्रंक हातगाडीवर चढून चर्चच्या गोदामात गेली. तिला वाटलं बाई आवराआवर करते आहे. बाई काळे कपडे घालत होती, पण ती नेहमीच काळे घालायची. दुःखाचं सोंग नाही, आकांत नाही. दुपारी कॉफीला बोलावणं येईना तेव्हा नीलाला थोडं लागलं, आणि मग उलट्यांनी, सासरच्या पत्रांनी, बाळाच्या दुपट्यांनी तिचे दिवस भरून गेले.

चाळिसाव्या दिवशी दुपारी मधलं दार वाजलं. बाईच्या हातात नीलाचीच वाटी होती, आणि ती रिकामी नव्हती. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत नीलाच्या आईकडं होती तशी बाईकडंही होती. वाटीत रव्याचा हलवा होता, तपकिरी, बदामाचा, गरम. बाई आत येऊन पाटावर बसली. आज चाळीस दिवस झाले, ती म्हणाली. आणि मग आपल्या मोडक्या हिंदीत, घाई न करता, तिनं सांगायला सुरुवात केली. त्यांच्या मुलखात माणूस गेला की कुणी दारात येऊन तोंडानं सांगत नाही. जवळच्या घरी रवा भाजतात. वास गल्लीभर जातो, लोक समजतात. मारणारेही तोच हलवा भाजत, मरणारेही. तेवढं एक त्यांच्यात सारखं होतं. तू इतकी लहान, तुझ्या पोटात बाळ, आणि तू हे सगळं लक्षात ठेवलंस. मला तार दाखवून पोळवलं नाहीस. माझ्या माणसांसारखी वागलीस. लेवोन कसा गेला ते मी गिरिधरला विचारणार नाही. त्याला सांगावं लागू नये. एवढं बोलून तिनं वाटी नीलापुढं सरकवली. खा, बेटी. चाळिसाव्याचा हलवा जो खातो तो त्याच्या जिवाला पुढं धाडतो.

नीलाला सगळं समजलं. त्या क्षणी, पूर्ण, शेवटच्या तपशिलापर्यंत. आणि ती बोलली नाही. का बोलली नाही याची तिनं पुढं शंभर उत्तरं शोधली. बाईचा चेहरा इतका शांत होता, एखादं मोठं काम हातावेगळं करून बसलेल्या माणसासारखा. हे गिरिधरनं सांगावं, असं वाटलं. संध्याकाळी सांगू, असं वाटलं. खरं उत्तर एकच होतं आणि ते क्षुद्र होतं: समोरच्याचा गैरसमज तोंडावर मोडायची तिला लाज वाटली. माहेरी तिला शिकवलेलं होतं की वडीलधाऱ्यांनी पुढं केलेलं आधी घ्यावं, मग बोलावं. तिनं बोटांनी घास उचलला. बाई पाहत होती. नीलानं तो तोंडात घातला, चावला, गिळला, आणि गिळताना पोटात वसंता हलला. मग दुसरा घास. वाटी संपेपर्यंत बाई बसून राहिली.

संध्याकाळी गिरिधर आला तेव्हा तिनं हुंदके देत सांगितलं. तो चप्पल पायात तशीच ठेवून ऐकत राहिला. "आणि तू खाल्लं?" तो म्हणाला. "तिथंच काहून नाही बोलली तू?" मग दोघं पुढच्या दारी गेले. गिरिधरनं नीट, मुद्देसूद सांगितलं. कसलीही तार आली नाही. आमच्याकडं हा देवाचा प्रसाद असतो, आनंदाचा. लेवोनबद्दल आम्हाला काहीच माहीत नाही. बाईनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग हात पुढं करून नीलाच्या गालावर ठेवला.

"तूने तो खाया ना, बेटी," ती म्हणाली. "जिंदा आदमी का हलवा कौन खाता है?"

नऊ दिवसांनी लेवोनचं पत्र आलं. कामावर हात चिरडला होता म्हणून इतके महिने लिहिता आलं नाही, आता बरा आहे, पुढच्या वर्षी येतो. बाईनं पाकिटावरची तारीख पाहिली, दोन महिन्यांपूर्वीची, म्हणजे वाटीच्याही आधीची, आणि पत्र घडी करून डाळिंबाखाली ठेवलं. ती लहान असताना तिच्या वडिलांना सक्तीनं फौजेच्या कामावर नेलं होतं. त्यांचंही पत्र आलं होतं, गोळी घातल्यावर दोन महिन्यांनी, मी खुशाल आहे म्हणून. मेलेल्यांची पत्रं उशिरा पोचतात, एवढंच ती म्हणाली. गिरिधरनं लेवोनला तार केली, उलट तार मागवली, ती आली तेव्हा स्वतः यंत्रावर बसून घेतली आणि फॉर्म तसाच हातात घेऊन धावत घरी आला. बाईनं तो उजेडाकडं धरला. अक्षर तुझंच आहे गिरिधर, ती म्हणाली, फार सुंदर अक्षर. त्या कौतुकानंतर गिरिधरनं प्रयत्न सोडला. लेवोनची पुढची पत्रं तिनं फोडली नाहीत. फाल्गुनात ती गेली, झोपेत, मुलाच्या मागोमाग जातो आहोत अशा समाधानात. वैशाखात वसंता जन्मला. लेवोनला तेवढा प्रवास जमला नाही. त्यानं घर विकायला कलकत्त्याच्या एका नातेवाइकाला पाठवलं आणि नीलाला एक पत्र लिहिलं, इंग्रजीत, गिरिधरनं वाचून दाखवलं: आईनं शेवटच्या महिन्यांत मला लिहिणं का सोडलं, ती माझ्यावर रागावली होती का, तुम्ही शेजारी होता, तुम्हाला ठाऊक असेल. ते पत्र अजून तिच्या पेटीच्या तळाला होतं. त्याला काय उत्तर लिहायचं? तुझी आई रागावलेली नव्हती, तिनं तुझं सुतक धरलं होतं, आणि तुझ्या चाळिसाव्याचा हलवा मी खाल्ला.

ओट्यावरचा शिरा गार झाला होता. नीलानं ताटली उचलून पाहिलं. कडेला तूप थिजून पांढरं झालं होतं. हा निव्वळ प्रसाद आहे, ती स्वतःला म्हणाली, कुसुमताईंनी पुतण्याला नोकरी लागली म्हणून केलेला. पण चोवीस वर्षं तिच्या आत एक परकी रीत घर करून बसली होती आणि आता तीच घरची झाली होती. खाल्ला, तर वसंताचा खाल्ला. आणि न खावा, तर पोथीतल्या वाण्याची मुलगी तिला लहानपणापासून ठाऊक होती: नवरा बंदराला आला म्हणून प्रसाद टाकून धावली, आणि काठाशी आलेलं जहाज माणसांसकट बुडालं. दर कथेला ब्राह्मण तो अध्याय वाचायचा आणि बायका पदर सावरून प्रसादाला पुढं व्हायच्या. एका रीतीनं खाल्लं की पोरगा मेला, दुसऱ्या रीतीनं टाकलं की बुडाला. दोन्ही रीतींना ती मनापासून भीत होती. वाटी गाईला घालावी, कामवालीला द्यावी, असं तिच्या मनात आलं, आणि ती तशीच बसून राहिली, जेवली नाही. दुपारी पोस्टमनची सायकल गल्लीतून गेली. थांबली नाही.

चारच्या सुमाराला फाटक वाजलं. कुसुमताई वाटी न्यायला आल्या होत्या, हातात सोललेलं काटोलचं संत्रं, त्यातल्या फोडी तोंडात टाकत. त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि झाकलेली वाटी पाहून थबकल्या.

"अगं माय, तशीच ठेवली वं?" त्या म्हणाल्या. "प्रसाद होय तो नीलाताई. पित्त बित्त काही होत नाही देवाच्या घासानं. पोरगा समुद्रावर हाये तुमचा. खा बरं. माह्यासमोर खा."

त्या हसत होत्या. त्यांच्या मनात माया होती, दुसरं काहीही नव्हतं. नीलानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि सांगायला ओठ उघडले. सदरची गल्ली, काळ्या कपड्यांतली बाई, निळा मणी, कुठून सुरुवात करायची. कुसुमताई फोड चघळत वाट पाहत होत्या. नीलानं बोटांनी घास उचलला. गार, घट्ट झालेला. तो तिनं तोंडात घातला, चावला, गिळला. मग दुसरा. कुसुमताई म्हणाल्या, बघा, झालं काही? वाटी संपली तेव्हा नीलानं ती विसळली, पुसली, त्यात साखर घातली आणि त्यांच्या हातात दिली.

साडेसहाला गिरिधर आला तो फाटकापासूनच हाक मारत. ऑफिसच्या पत्त्यावर पत्र आलं होतं. वसंताचं. त्यानं चष्मा लावून दोन्ही पानं मोठ्यानं वाचली. दोन महिने जहाज बंदराबाहेर नांगरून होतं, टपाल उतरवता आलं नाही, जेवण बरं आहे, आईला म्हणावं काळजी करू नको. एकदा वाचून झाल्यावर त्यानं पुन्हा वाचलं, चमच्याची आठवण काढली होती ती ओळ दोनदा. नीलानं हात पुढं करून पाकीट मागितलं. अक्षर वसंताचंच होतं. तिनं शिक्क्याजवळ डोळे नेले. तारीख तेवीस दिवसांपूर्वीची होती.

"छान आहे," ती म्हणाली आणि पाकीट त्याला परत दिलं.

गिरिधरनं पत्रावरून नजर वर केली. हवेत अजून वास होता. त्यानं ओट्याकडं पाहिलं, पालथ्या घातलेल्या ताटलीकडं, मग तिच्याकडं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं जाऊन उभी राहिली होती. तिचं बोट आजच्या चौकटीवर टेकलं आणि तिथून एकेक घर पुढं सरकू लागलं, महिन्याच्या शेवटाशी थांबलं, मग तिनं पान उलटलं आणि बोट पुढं चालू राहिलं. पत्राची घडी घालून गिरिधरनं ते टेबलावर ठेवलं, आणि तिची चाळीस घरं मोजून होईपर्यंत तो तसाच, चप्पल पायात ठेवून उभा राहिला.